अकांडतांडव

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची सकाळ होती. ओसरीवर फराळाची ताटे मांडली होती आणि अंगणात माझ्या धाकट्या मुलाने बांधलेला किल्ला उन्हात वाळत होता. किल्ल्याच्या उतारावर हळीव उगवून आले होते. रांगोळीची पांढरी वाट वळणे घेत दरवाज्यापर्यंत गेली होती आणि दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना बाजारातून आणलेले मातीचे दोन मावळे भाले घेऊन उभे होते.

दर पाडव्याला माझा एक जुना विद्यार्थी नमस्काराला येतो. आता तो चौतिशीचा संसारी गृहस्थ आहे. या वेळी त्याच्याबरोबर त्याची पत्नी होती आणि सहा वर्षांची मुलगी होती. मोठी माणसे ओसरीवर बसली. मुलगी किल्ल्यापाशी जाऊन उकिडवी बसली. दहा मिनिटे झाली असतील नसतील, तोच तिने अशी किंकाळी फोडली, की माझ्या पत्नीच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. आम्ही सगळे धावलो. पाहतो तो विशेष काही नव्हते. माझ्या मुलाचा धक्का लागून दरवाज्यावरचा एक मावळा पडला होता आणि त्याची मान मोडली होती. किल्ला तिचा नव्हता, मावळा तिचा नव्हता, मोडलाही तिने नव्हता. तरी ती जमिनीवर बसकण मारून, पाय आपटत, ऊर फुटेल अशी रडत होती.

तिचे वडील ओशाळले. दुसऱ्याच्या घरी सणाच्या दिवशी मुलाने असा गोंधळ घातला, की कोणताही बाप ओशाळतो. त्याने तिचा दंड धरून तिला उभे केले आणि तो म्हणाला, "पुरे! काय हे आकांडतांडव लावलंयस!"

मुलगी एका क्षणात गप्प झाली. हुंदका घशात अडकून राहिला, पण आवाज थांबला. तो माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "गुरुजी, हा शब्द तुमचाच बरं का! पाचवीत असताना तुम्ही मला दिलेला."

मग फराळ करता करता त्याने सगळी हकीकत सांगितली. वर्ग चालू असताना मला मुख्याध्यापकांकडे चिठ्ठी पाठवायची होती. पहिल्या बाकावर हा बसलेला. मी त्याची वही उचलली, शेवटचे कोरे पान टर्रकन फाडले आणि वही परत केली. वही पिनेची होती. अशा वहीचे शेवटचे पान फाडले, की त्याचे जोडपान, म्हणजे पहिले पान, सुटून हातात येते. ते पाहून या पोराने वर्गात भोकाड पसरले. मी म्हणालो, "एका पानासाठी काय हे आकांडतांडव! बस खाली." वर्ग खो खो हसला. पुढे वर्षभर मुले त्याला 'तांडव' म्हणून हाक मारीत होती.

"पण गुरुजी, गंमत काय होती सांगू?" तो पुढे म्हणाला. "काका दर शनिवारी माझ्या वहीची पानं मोजायचे. पोरं पानं फाडून विमानं करतात, असा त्यांचा समज. त्या शनिवारी हिशेब चुकला. मग काकांनी हिशेब चुकता केला!"

या कोटीवर सगळे हसले. त्याची पत्नी हसली, माझी पत्नी हसली, तोही मनापासून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण एक खरं. त्या दिवसापासून मी कधी कुठं तोंडातून आवाज काढला नाही. वडीलधारी माणसं वेळेवर बोलतात, म्हणून आपण सरळ राहतो."

तो माझे आभार मानत होता. माझ्या हातातली चकली तशीच हातात राहिली. मला तो प्रसंग आठवत नव्हता असे नाही. त्याचे रडणे मला आठवत होते. वर्गाचे हसणेही आठवत होते. वडील नसलेला हा मुलगा काकांच्या घरी वाढतो आहे, हेही मला तेव्हा ठाऊक होते. फक्त ते पान मला आठवत नव्हते.

पाहुणे गेले, दिवाळी गेली, शाळा सुरू झाली. पण तो शब्द काही मनातून जाईना. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. जे थोडेबहुत संस्कृत मला येते, ते गावातल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून मिळवलेले. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला शब्दांची एक खोड असते. एखादा शब्द टोचला, की तो उकलून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

जरा काही जास्त झाले की ते झिडकारण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची केवढी रेलचेल आहे! 'नाटके करू नकोस', 'तमाशा नको', 'सोंगे पुरेत', 'थयथयाट चालला आहे', 'कांगावा करतो आहे'. यांतले बरेचसे शब्द रंगभूमीवरून घरात आले आहेत, हे सहज ध्यानात येईल. सोंग म्हणजे मुळात देवादिकांचे घेतलेले रूप. कोकणातल्या दशावतारात सोंग येते, एकनाथांच्या भारुडात सोंग येते आणि त्याच्यापुढे लोक हात जोडतात. तेच सोंग घरात आले की ढोंगाचे भावंड होते. 'थयथयाट' या शब्दात तर नाचणाऱ्याच्या पावलांचा आवाजच ऐकू येतो. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' करीत आरोळ्या ठोकत येत. पुढे लोकांची अभिरुची बदलली आणि त्या नाटकांना 'अललडुर्र नाटके' असे थट्टेचे नावच पडले. ज्या आरोळीने एका पिढीच्या अंगावर काटा आला, तिनेच पुढच्या पिढीला हसू आले.

'तमाशा' या शब्दाची कथा याहून मजेची आहे. तो अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी चालण्या-फिरण्याचा अर्थ आहे. फिरायला निघावे, इकडे तिकडे पाहावे, मौज पाहावी, म्हणजे तमाशा. याचा अर्थ असा, की हा शब्द मुळात नाचणाऱ्याचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता! ही गोष्ट मी मनात बाजूला ठेवून दिली. पुढे तिचा उपयोग होणार होता.

या सगळ्या शब्दांत 'अकांडतांडव' मात्र निराळ्या कुळातला आहे. बोलताना आपण 'आकांडतांडव' म्हणतो. कदाचित शेजारच्या 'आकांत' या शब्दाचा सूर त्यात मिसळत असेल. पण मूळ शब्द 'अकांड'. संस्कृतातही 'अकांडतांडव' हा शब्द आहे, आणि नको तेथे मांडलेल्या अवडंबराला तो लावतात.

आधी तांडव पाहू. तांडव म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर जटा पिंजारलेला, क्रोधाने बेभान झालेला शंकर येतो. पण भरताच्या नाट्यशास्त्रात चौथ्या अध्यायात तांडवाची जन्मकथा आहे आणि ती अगदी वेगळी आहे. भरताने आपल्या मंडळींसह हिमालयावर शंकरापुढे 'त्रिपुरदाह' हा खेळ केला. शंकर प्रसन्न झाला. तो म्हणाला, संध्याकाळी नाचता नाचता मलाही एक नृत्य स्मरले आहे. त्याची जोड तुझ्या पूर्वरंगाला दे. मग त्याने तंडूला बोलावले आणि ते नृत्य भरताला शिकवायला सांगितले. तंडूने शिकवले म्हणून ते तांडव. त्यात 108 करणे आहेत आणि 32 अंगहार आहेत. कोणत्या वेळी हात कोठे असावा आणि पाऊल कोठे पडावे, हे सारे ठरलेले आहे. ही 108 करणे चिदंबरमच्या नटराजमंदिराच्या गोपुरांत दगडात कोरलेली आहेत. बेभान माणसाच्या हातून असले काही होत नाही. आणि हे नृत्य करायचे कशासाठी? तर, नाट्यशास्त्र म्हणते, मुख्यतः देवांच्या स्तुतीसाठी. त्या अध्यायात ऋषी भरताला विचारतात, की गीताचा अर्थ सांगायला तर हे नृत्य उपयोगी पडत नाही, मग ते केले कशाला? भरताचे उत्तर साधे आहे. त्याला अर्थाची गरज नाही, त्याने शोभा येते.

तेव्हा तांडव हा काही दोष नव्हे. त्याला वेळ मात्र आहे, आणि ती वेळ संध्याकाळची. कालिदासाचा यक्षसुद्धा मेघाला सांगतो, की उज्जयिनीला महाकाळाच्या देवळापाशी गेलास तर सूर्य मावळेपर्यंत थांब. सायंपूजा होईल, शंकराचे नृत्य होईल, तेव्हा तुझ्या गर्जनेला अर्थ येईल. भर दुपारी गडगडणाऱ्या मेघाला तेथे काम नाही.

आता 'अकांड'. आमच्या कृष्णाकाठच्या मुलाला 'कांडे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उसाच्या दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. संस्कृतातला कांड तोच. खोड, दांडा, दोन सांध्यांमधला तुकडा. त्यावरून ग्रंथाचा भाग म्हणजे कांड: बालकांड, अयोध्याकांड. आणि त्यावरूनच प्रसंग, योग्य वेळ, म्हणजेही कांड. ज्याला खोड नाही, ज्याला प्रसंगाचा आधार नाही, ते अकांड. अकांडतांडव म्हणजे अवेळी, अप्रसंगी मांडलेले तांडव. नाचणारा खोटा आहे असे हा शब्द म्हणत नाही. सोंग, ढोंग, कांगावा हे शब्द खोटेपणाचा आरोप करतात. अकांडतांडव म्हणते, तुझे नाचणे खरे असेल, पण ही त्याची वेळ नव्हे.

आपल्या जुन्या साहित्यपंडितांनी या अवेळेचा फार बारकाईने विचार केला होता. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन झाला, अकराव्या शतकात मम्मट झाला. दोघांनीही रसाचे दोष सांगताना 'अकांड' हा शब्द वापरला आहे. नको त्या वेळी रस पसरणे हा एक दोष. याचे मम्मटाने दिलेले उदाहरण भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातले आहे. कुरुक्षेत्रावर वीरांमागून वीर पडत आहेत, आणि दुसऱ्या अंकात दुर्योधन भानुमतीशी शृंगार करीत बसला आहे. नको त्या वेळी रस तोडणे हा दुसरा दोष. भवभूतीच्या 'महावीरचरिता'त राम आणि परशुराम यांची वीरश्री ऐन भरात आली असताना, राम म्हणतो की मी कंकण सोडायला जातो! वाचणाऱ्याचा कसा विरस होतो, ते सांगायला नको.

तिसरा एक दोष आहे, आणि तो वाचून मी थबकलो. एकच रस पुन्हा पुन्हा चेतवणे, हा तो दोष. आनंदवर्धन म्हणतो, की एकदा पुरता आस्वादलेला रस परत परत हाताळला, तर हाताळून हाताळून कोमेजलेल्या फुलासारखा होतो. आणि मम्मटाने याचे उदाहरण कोठले द्यावे? 'कुमारसंभवा'तल्या रतिविलापाचे! शंकराने तिसरा डोळा उघडला आणि मदनाची राख झाली. त्या राखेपाशी बसून रती रडते. सबंध चौथा सर्ग ती रडते. पंडित म्हणतात, फार झाले.

ज्याच्या नावावर तांडव आहे, त्यानेच जिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत जाळला, तिच्या रडण्याला 'फार झाले' म्हणायचे! प्रथम मला पंडितांचा रागच आला. मग शांतपणे विचार केल्यावर वाटले, की माझा राग चुकीचा आहे. पंडित रतीला गप्प करीत नव्हते. ते कालिदासाला बोलत होते. काव्य वाचकासाठी असते. त्यात शोकसुद्धा वाचकाला आस्वाद्य व्हावा लागतो. म्हणून किती रडवायचे, केव्हा रडवायचे, हे कवीला विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे. शिवाय पंडिताने ते काव्य पहिल्या सर्गापासून वाचलेले असते. मागे काय झाले, पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक असते. कांड कोणते चालू आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच अकांड म्हणावे.

पण रडणारे माणूस कोणाच्या आस्वादासाठी रडत नाही. आणि त्याच्या आयुष्याचा पहिला सर्ग आपण वाचलेला नसतो. आपण मध्येच येतो, कोठल्या तरी पानावर येतो, एक आरोळी ऐकतो आणि लगेच पंडित होऊन निकाल देतो. मी त्या मुलाच्या आयुष्यात असाच आलो होतो, आणि आलो तो नेमका एक पान फाडायला! माझ्या दृष्टीने गोष्ट तेथे सुरू होत होती आणि तेथेच संपत होती. शनिवार माझ्या गोष्टीत नव्हताच. त्याच्या गोष्टीत मात्र तो दर आठवड्याला येत होता. पान फाटल्याच्या आवाजात त्याला शनिवार ऐकू आला. मला नुसता कागद ऐकू आला. त्याचे रडणे अवेळी नव्हते. उलट, त्याच्या जवळ असलेली ती एकच वेळ होती. मी एक शब्द विचारला असता, काकांना एक चिठ्ठी लिहिली असती, तर त्या शनिवारी त्याने मार खाल्ला नसता. रडणे म्हणजे त्याने माझ्याकडे केलेला अर्ज होता. मी तो न वाचताच त्यावर शेरा मारला.

येथेच मला 'तमाशा' या शब्दाची आठवण झाली. एखाद्याच्या दुःखाला आपण तमाशा म्हणतो, नाटक म्हणतो, तेव्हा त्याचे काय होते ते होवो, पण आपले काय होते? आपण प्रेक्षक होतो. प्रेक्षकाला रंगमंचावर चढायचे नसते. नाटकातल्या द्रौपदीला कोणी वस्त्र नेऊन देत नाही. तसे करणारा खुळा ठरेल. 'नाटक आहे' असे एकदा म्हटले, की मदत न करण्याची मुभा मिळते. हे शब्द इतके सोयीचे आहेत, ते याच कारणाने असावेत. फिरायला निघालेला माणूस घटकाभर उभा राहून पाहतो आणि पुढे जातो. तमाशाचा जुना अर्थ अजून मेलेला नाही.

एवढे झाल्यावर मी हे सारे पत्नीला सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आता कोणीही कितीही आरडाओरडा केला, तरी आपण ऐकत बसायचं का? शेजारच्या आळीतल्या त्या आजीबाई आठवतात ना? सून माहेरी जायला निघाली, की त्यांच्या छातीत दर वेळी कळ यायची. त्याला काय म्हणायचं?"

प्रश्न बिनतोड होता. आरडाओरडा करून घर मुठीत ठेवणारी माणसे असतात. अश्रूंचा चाबूक करणारी माणसे असतात. त्यांच्यापुढे दर वेळी मान तुकवली, तर घरातल्या गप्प माणसांवर अन्याय होतो. ज्या सुनेचे माहेरपण दर वेळी बुडत होते, तिची गोष्टही कोणी ऐकायला हवी होती. म्हणून हा शब्द भाषेतून काढून टाकावा असे मी म्हणत नाही. शब्द खरा आहे. त्या आजीबाईंना तो लावायला मी कचरणार नाही. पण दोन वर्षे, चार वर्षे, दर वेळी तेच घडते आहे हे पाहिल्यावर आपण तो लावतो. म्हणजे त्यांचे पुष्कळसे कांड वाचून मगच आपण अकांड म्हणतो. त्या पोराचे मी किती वाचले होते?

आणि पत्नीच्या प्रश्नातून मला आणखी एक गोष्ट दिसली. हा शब्द आपण कोणाला लावतो ते पाहा. चहा गार झाला म्हणून घरचा कर्ता पुरुष कप आपटतो, तेव्हा आपण म्हणतो, 'त्यांचा स्वभाव जरा तापट आहे.' वरिष्ठ अधिकारी एका चुकीच्या आकड्यावरून सारे कार्यालय डोक्यावर घेतो, तेव्हा आपण म्हणतो, 'साहेब शिस्तीचे आहेत.' मी स्वतः वर्गात छडी टेबलावर आपटली, तेव्हा माझ्यापुढे कोणी हा शब्द उच्चारला नाही. मुलाने, सुनेने, मोलकरणीने, म्हाताऱ्याने आवाज चढवला, की मात्र आकांडतांडव. खरे तर ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ओरडावे लागतच नाही. तरी तो ओरडला तर ते अवेळी म्हणायला हवे. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्याजवळ आवाजाशिवाय असते काय? आपण हा शब्द नेमका उलटा वापरत आलो आहोत.

संयमाची थोरवी मला मान्य नाही असे कोणी समजू नये. 1911 साली मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले आणि प्रयोग पार पडला. ही हकीकत लहानपणी प्रथम ऐकली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. वर्गातही मी ती कितीदा तरी सांगितली आहे. मुलांनो, याला म्हणतात निष्ठा! आज मला वाटते, की ती सांगताना मी अर्धीच सांगत होतो. एक तर तो संयम बालगंधर्वांचा स्वतःचा होता. प्रयोग करायचा हे त्यांनी ठरवले होते. आपला हुंदका आपण गिळणे हे तप असेल. दुसऱ्याला त्याचा हुंदका गिळायला लावणे याला तप म्हणत नाहीत. आणि दुसरे असे, की ही हकीकत सांगताना आपण सारे नाटकगृहाकडेच पाहतो. पण त्या मुलीला आई होती, आणि त्या दिवशी तिच्यापुढे कोणताच पडदा उघडायचा नव्हता. ती रडली असेल तर तिच्या रडण्यात काही उणे नव्हते. बालगंधर्वांची गोष्ट सांगून आपण जगातल्या सगळ्या रडणाऱ्यांना लाजवू लागलो, तर तो त्या थोर नटाचाही उपमर्द होईल.

गेली चोवीस वर्षे मी मुलांना निबंध लिहायला शिकवतो आहे. अमुक अमुक प्रसंगी काय वाटले ते लिहा, असे सांगतो. मुले लिहून आणतात: मला फार वाईट वाटले, माझे डोळे भरून आले. मी खाली 'ठीक' असा शेरा देतो. कादंबऱ्या लिहितो, तेव्हा पात्राच्या मनात कसली कालवाकालव चालली आहे हे दाखवण्यासाठी रात्र रात्र जागतो. आणि समोर पहिल्या बाकावर बसलेल्या खऱ्या मुलाच्या मनात काय आहे, हे विचारायला मला अर्धा मिनिट सापडला नाही. तो मुलगा गप्प बसायला शिकला, आणि त्याला ते शिक्षण वाटले. मुलगी हुंदका गिळून गप्प झाली, तेव्हा बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मी ओळखले. चोवीस वर्षांपूर्वी ते माझ्या चेहऱ्यावर असणार. विद्या अशीही वाढत जाते!

त्या पाडव्याची हकीकत मी अजून पुरती सांगितलेली नाही. त्याची हकीकत ऐकून झाल्यावर मी ओसरीवरून उठलो आणि किल्ल्यापाशी गेलो. मुलगी मोडलेला मावळा हातात घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि विचारले, "बाळ, तुला एवढं रडू कशाचं आलं?"

तिने आधी वडिलांकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा दाराशी होता ना? आता रात्री दाराशी कोण थांबणार?"

मी दरवाज्याकडे पाहिले. दुसऱ्या बाजूचा मावळा उभा होता, पण एकाच बाजूला. तिच्या हिशेबाने अर्धा दरवाजा उघडा पडला होता. मी माझ्या मुलाला हाक मारली. त्याने घरातून डिंक आणला. आम्ही तिघांनी मिळून मान चिकटवली. ती थोडी वाकडी बसली. मावळा आता एकसारखा उजवीकडे पाहू लागला. ते तिला पसंत पडले. ती म्हणाली, "तिकडूनच येतात शत्रू."

पाहुणे निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. तो स्कूटर चालू करू लागला. मुलगी पुढे उभी राहिली. मी म्हणालो, "त्या दिवशी ते पान मी फाडायला नको होतं."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आले. "छे छे, गुरुजी," तो हसून म्हणाला. "एवढ्या वर्षांची गोष्ट. एक पान ते. त्याचं काय एवढं?"

मी काही बोललो नाही. स्कूटर चालू झाली होती. तो निघेल म्हणून मी बाजूला सरलो. पण तो निघाला नाही. समोरच्या रस्त्याकडे पाहत, माझ्याकडे न वळता तो म्हणाला,

"शंभर पानी होती, गुरुजी."